सलग सजातीय भावंड-घटकांची निवड

वेबपृष्ठात एकाच जनक-घटकाखाली असलेले, एकाच प्रकारचे आणि मध्ये अन्य प्रकारचा घटक न येता एकापाठोपाठ आलेले घटक जावास्क्रिप्ट या संगणकभाषेच्या साहाय्याने वेचून काढण्याची क्रिया. अशा घटकांच्या ओळीला येथे ‘सलग मालिका’ असे म्हटले आहे. छापील पानावर अशी मालिका वाचकाला एका दृष्टिक्षेपात ओळखता येते. शीर्षकाखालचे परिच्छेद, शब्दार्थकोशातील एका शब्दाखालचे अर्थ, श्लोकाखालची टीका या सर्वांचा परस्परसंबंध त्यांच्या लागोपाठ येण्यावरून कळतो. संगणकाच्या दृष्टीने मात्र वेबपृष्ठ हा एक वृक्ष असतो. त्या वृक्षात जनक, अपत्य व भावंड ही नाती नोंदलेली असतात. ‘सलगता’ नावाचे नाते नोंदलेले नसते. १९९५ नंतरच्या तीन दशकांत ही उणीव भरून काढण्यासाठी जी साधने निर्माण झाली, त्यांचा इतिहास म्हणजेच या विषयाचा इतिहास होय.

संज्ञा : वेबपृष्ठ एचटीएमएल या चिन्हांकन-भाषेत लिहिले जाते. मजकुराच्या प्रत्येक भागाभोवती त्याचे स्वरूप सांगणारा टॅग असतो. आरंभीचा टॅग, अखेरचा टॅग व त्यांमधील मजकूर मिळून एक ‘घटक’ होतो. एका घटकाच्या पोटात दुसरे घटक असू शकतात. बाहेरच्या घटकास ‘जनक’, आतल्यांस ‘अपत्ये’ आणि एकाच जनकाच्या अपत्यांस परस्परांची ‘भावंडे’ म्हणतात. घटकाचा ‘प्रकार’ त्याच्या टॅगच्या नावावरून ठरतो, उदा., परिच्छेदासाठी ‘पी’, दुसऱ्या पातळीच्या शीर्षकासाठी ‘एच २’, उद्‌धृत मजकुरासाठी ‘ब्लॉककोट’. याखेरीज लेखक घटकाला आपल्या सोयीचे ‘क्लास’ हे वर्गनाम देऊ शकतो. प्रकार व वर्ग यांतील भेद महत्त्वाचा आहे. एकाच वर्गाचे घटक भिन्न प्रकारचे, तर एकाच प्रकारचे घटक भिन्न वर्गांचे असू शकतात. प्रकाराने वेचावे की वर्गाने, हे आधी ठरविल्याशिवाय मालिका कोठे तुटते याचा निर्णय करता येत नाही.

उदाहरण : या प्रश्नाचे मराठी वाचकांना परिचित असे उदाहरण ज्ञानेश्वरीच्या छापील प्रतींत मिळते. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या नेवासे येथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरांनी भगवद्‌गीतेवरील ही टीका सिद्ध केली. ग्रंथाचे अध्याय १८ असून ओव्या सुमारे ९,००० आहेत. रूढ मुद्रित प्रतींत गीतेचा मूळ संस्कृत श्लोक प्रथम येतो व त्याखाली त्यावरील ओव्या येतात; मग पुढचा श्लोक व पुढच्या ओव्या. काही ठिकाणी एका श्लोकाचा विस्तार थोड्या ओव्यांत आटोपतो, तर काही ठिकाणी तो लांबवर चालतो. काही ठिकाणी दोन किंवा अधिक श्लोक एकत्र देऊन त्यांवर मिळून ओव्या येतात. अध्यायाच्या प्रारंभी पहिल्या श्लोकाच्या आधीही ओव्या असू शकतात. पहिल्या अध्यायाच्या आरंभीचे मंगलाचरण हे त्याचे ठळक उदाहरण आहे. [⟶ ज्ञानेश्वरी].

ही संहिता वेबपृष्ठावर मांडताना सर्वांत सरळ मार्ग असा, की संपूर्ण अध्याय हा एक जनक-घटक करावा, प्रत्येक श्लोक ब्लॉककोट व प्रत्येक ओवी पी या प्रकारचा घटक करावी. मग श्लोक व ओव्या ही सर्व परस्परांची भावंडे होतात. वृक्षाच्या दृष्टीने पाचव्या श्लोकाखालची ओवी व पन्नासाव्या श्लोकाखालची ओवी यांचे नाते सारखेच असते. अमुक ओव्या अमुक श्लोकावरील आहेत, ही गोष्ट केवळ क्रमात दडलेली असते. वाचकाने एखाद्या श्लोकावर बोट ठेवताच त्याच्याच ओव्या ठळक दिसाव्यात किंवा तेवढ्याच छापून निघाव्यात अशी सोय करावयाची असल्यास जावास्क्रिप्टला त्या क्रमातून मालिका शोधून काढावी लागते. त्यात चूक झाली, तर एका श्लोकाचे विवरण दुसऱ्या श्लोकाच्या पदरी पडते आणि पडद्यावरील पान मात्र नीटनेटके दिसत राहते. संहितेच्या अखंडत्वाची चिंता या ग्रंथाच्या परंपरेत जुनीच आहे. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये, असा इशाराही दिला.

पूर्वेतिहास : दस्तऐवजाचे भाग त्यांच्या दृश्य रूपाऐवजी त्यांच्या स्वरूपानुसार चिन्हांकित करावेत, ही कल्पना आयबीएम या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी यांनी १९६९ च्या सुमारास विकसित केलेल्या जीएमएल या पद्धतीत आढळते. तिच्यातून पुढे एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. घटकाच्या पोटात कोणते घटक व कोणत्या क्रमाने यावेत, याचे नियम या मानकात लिहिता येत. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावातून वर्ल्ड वाइड वेब आकारास आले. त्यासाठी त्यांनी घडविलेल्या एचटीएमएलने एसजीएमएलचे वळण उचलले, परंतु रचना अगदी सैल ठेवली.

या सैलपणाचा परिणाम दूरगामी ठरला. एचटीएमएलमध्ये शीर्षक व त्याखालचे परिच्छेद हे एकमेकांच्या पोटात नसून शेजारी शेजारी असतात. शीर्षक कोठे लागू होते हे सांगणारा वेष्टनरूप घटक सुरुवातीस नव्हता. ‘सेक्शन’ हा घटक एचटीएमएल ५ बरोबर आला व त्या आवृत्तीची अधिकृत शिफारस २०१४ मध्ये झाली. शब्द व त्यांचे अर्थ देण्यासाठी असलेल्या ‘डीएल’ या यादी-घटकाची स्थितीही तीच होती. त्यात शब्दासाठी ‘डीटी’ व अर्थासाठी ‘डीडी’ हे घटक ओळीने येत. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मधील नियम एवढेच सांगे, की या यादीत डीटी किंवा डीडी यांपैकी एक वा अधिक घटक असावेत. कोणता अर्थ कोणत्या शब्दाचा, हे क्रमावरूनच समजून घ्यावे लागे. कोशरचनेसाठीच केलेल्या घटकात नोंदीचे एकक नसावे, ही उणीव पुढे मान्य झाली. २०१७ च्या एचटीएमएल ५.२ मध्ये शब्द व त्याचे अर्थ यांच्या प्रत्येक गटाभोवती ‘डिव्ह’ घटक घालण्यास परवानगी देण्यात आली.

जावास्क्रिप्ट व डॉम : जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत प्राथमिक स्वरूपात तयार केली. त्याच वर्षी डिसेंबरात तिची जाहीर घोषणा झाली आणि १९९७ मध्ये एक्मा या मानक संस्थेने एक्मास्क्रिप्ट या नावाने तिची पहिली प्रमाण आवृत्ती काढली. आरंभीच्या जावास्क्रिप्टला पृष्ठाचा फारच थोडा भाग दिसे. फॉर्म, दुवे व पुढे चित्रे यांच्या क्रमवार याद्या तिला मिळत. परंतु परिच्छेद दिसत नसत, मग त्यांची भावंडे कोठून दिसणार? १९९७ मध्ये नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या चौथ्या आवृत्त्यांनी पृष्ठाच्या अंतरंगात शिरण्याच्या वाटा दिल्या. त्या परस्परांशी जुळत नसल्याने एकच काम दोनदा लिहावे लागे.

ही विसंगती दूर करण्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १ ऑक्टोबर १९९८ रोजी डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल, म्हणजेच ‘डॉम’, याची पहिली पातळी प्रसिद्ध केली. तीत दस्तऐवज म्हणजे नोडांचा वृक्ष अशी व्याख्या झाली. प्रत्येक नोडला जनक, पहिले व शेवटचे अपत्य, मागचे भावंड व पुढचे भावंड दाखविणारे गुणधर्म मिळाले. यांपैकी पुढचे भावंड दाखविणारा ‘नेक्स्टसिब्लिंग’ हा गुणधर्म प्रस्तुत विषयाचा मूळ आधार होय. २००० मधील दुसऱ्या पातळीत वृक्षातून पद्धतशीरपणे फिरण्यासाठी ‘ट्रीवॉकर’ हे साधन आले.

नेक्स्टसिब्लिंगच्या वापरात लगेच एक अडचण जाणवली. डॉमच्या वृक्षात केवळ घटकच नव्हे, तर मजकूर व टिपा यांचेही नोड असतात. लेखकाने वाचनाच्या सोयीसाठी दोन टॅगांच्या मध्ये नवी ओळ टाकली, तरी ती रिकामी जागा मजकुराचा नोड ठरे. त्यामुळे ‘पुढची ओवी’ मागितली असता पुष्कळदा रिकामी जागा हाती येई. त्या काळचा इंटरनेट एक्सप्लोरर अशा रिकाम्या जागा वृक्षात घेत नसे, मोझिला मात्र घेत असे. एकच आज्ञावली एका ब्राउझरमध्ये चाले व दुसऱ्यात पहिल्याच पावलाला थांबे. म्हणून प्रत्येक पावलावर नोडची जात तपासून घटक नसलेले नोड ओलांडण्याची खबरदारी आज्ञावलीकारांना घ्यावी लागे. २२ डिसेंबर २००८ रोजी शिफारस झालेल्या ‘एलिमेंट ट्रॅव्हर्सल’ या मानकाने ‘नेक्स्टएलिमेंटसिब्लिंग’ व ‘प्रीव्हियसएलिमेंटसिब्लिंग’ हे गुणधर्म देऊन ही खटपट संपविली. हे गुणधर्म मजकूर व टिपा ओलांडून थेट पुढचा वा मागचा घटक देतात.

निवडकांची वाट : याच काळात दुसऱ्या बाजूने एक वेगळी पद्धत वाढत होती. होकॉन व्हियम ली व बर्ट बोस यांनी आकारास आणलेल्या सीएसएस या शैली-भाषेची पहिली पातळी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणत्या घटकांना कोणती शैली लागू करावयाची हे सांगण्यासाठी तीत ‘निवडक’ ही संक्षिप्त सूत्रे असतात. मे १९९८ च्या दुसऱ्या पातळीत ‘+’ हे चिन्ह आले. ते एका घटकाच्या लगेच पुढचे भावंड निवडते. पुढे निवडकांच्या तिसऱ्या पातळीत ‘~’ हे चिन्ह व प्रकारानुसार क्रमांक मोजणारी ‘एन्थ-ऑफ-टाइप’ यांसारखी सूत्रे समाविष्ट झाली. या पातळीची शिफारस २९ सप्टेंबर २०११ रोजी झाली. मायक्रोसॉफ्टच्या सहाव्या आवृत्तीत ‘+’ चालत नसे व तो २००६ च्या सातव्या आवृत्तीत चालू लागला. मानकात असलेली सोय त्यामुळे अनेक वर्षे व्यवहारात येऊ शकली नाही.

सलग मालिकेच्या दृष्टीने या सूत्रांचे मूल्यमापन करता त्यांची मर्यादा ध्यानात येते. ‘ब्लॉककोट + पी’ हे सूत्र प्रत्येक श्लोकाखालची केवळ पहिली ओवी देते. ‘ब्लॉककोट ~ पी’ हे सूत्र श्लोकानंतरच्या सर्व ओव्या देते. पुढच्या श्लोकाखालच्याही त्यात येतात. पहिले सूत्र कमी देते, दुसरे जास्त देते आणि हवी ती मालिका या दोहोंच्या मध्ये राहते. ‘एन्थ-ऑफ-टाइप’ या नावावरून ते सलग सजातीय घटक मोजत असावे असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. मध्ये कितीही श्लोक आले तरी ते अध्यायातील ओव्या एकाच क्रमाने मोजत जाते. शिवाय वर्गनामाकडे ते पाहत नाही.

एक्सपाथ या तिसऱ्या भाषेत (शिफारस १९९९) मागची व पुढची सर्व भावंडे पाहता येतात व ती मोजताही येतात. त्यामुळे ‘ज्यांच्या मागे नेमके पाच श्लोक आहेत अशा ओव्या’ असा प्रश्न विचारता येतो व त्याचे उत्तर म्हणजे पाचव्या श्लोकाची मालिका होय. युक्ती चतुर आहे, पण खर्चिक आहे. अठराव्या अध्यायात श्लोक ७८ असून ओव्या १,८०० हून अधिक आहेत. प्रत्येक ओवीसाठी तिच्या मागची सर्व भावंडे नव्याने मोजल्यास तपासण्यांची संख्या सतरा लाखांच्या घरात जाते. तोच अध्याय आरंभापासून अखेरपर्यंत एकदाच चालत गेल्यास सुमारे १,९०० पावले पुरतात. एक्सएमएल दस्तऐवजांचे रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटी या भाषेच्या जानेवारी २००७ मधील दुसऱ्या आवृत्तीने लागोपाठच्या सजातीय घटकांचे गट पाडणारी व विशिष्ट घटकापासून नवा गट सुरू करणारी अशा दोन्ही रचना दिल्या. सलगतेला भाषेच्या पातळीवर स्वतंत्र नाव मिळाल्याचे हे ठळक उदाहरण होय.

आज्ञावली-संग्रह : मानके व ब्राउझर यांतील अंतर काही काळ खाजगी आज्ञावली-संग्रहांनी भरून काढले. त्यांतील सर्वाधिक प्रसार पावलेला जेक्वेरी हा संग्रह जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. निवडकाने घटक शोधावा व तेथून पुढे भावंडांकडे वळावे, असा त्याचा शिरस्ता होता. जानेवारी २०१० मधील त्याच्या १.४ या आवृत्तीत ‘नेक्स्टअन्टिल’ हे फलन आले. दिलेल्या घटकापासून पुढे जात, सांगितलेल्या खुणेचा घटक भेटेपर्यंतची सर्व भावंडे ते गोळा करते.

येथे एक तात्त्विक भेद स्पष्ट झाला. ‘पुढचा श्लोक येईपर्यंत’ आणि ‘ओव्या आहेत तोपर्यंत’ या दोन अटी सारख्या वाटतात. परंतु त्या भिन्न आहेत. श्लोक व ओव्या यांखेरीज तिसरे काही नसेल, तर दोहोंचे उत्तर एकच येते. ओव्यांच्या मध्ये संपादकाने एखादी टीप किंवा चित्र स्वतंत्र घटक म्हणून घातले, की पहिली अट त्यासह पुढच्या ओव्याही घेते, तर दुसरी तेथेच थांबते. पहिली अट सीमेवर लक्ष ठेवते, दुसरी घटकांच्या जातीवर. ‘ओवी नसलेला कोणताही घटक’ हीच खूण दिल्यास नेक्स्टअन्टिलकडून दुसऱ्या अटीचे कामही करून घेता येते. कोणती अट योग्य हे संहितेच्या स्वरूपावर अवलंबून असते. ते संगणक ठरवू शकत नाही.

पुढे ब्राउझरांनीच निवडकांनी घटक शोधण्याची सोय दिली. ‘क्वेरीसिलेक्टर’ व ‘क्वेरीसिलेक्टरऑल’ ही फलने २००८-०९ च्या सुमारास ब्राउझरांत उतरू लागली व त्यांच्या मानकाची शिफारस २१ फेब्रुवारी २०१३ रोजी झाली. हाती असलेला घटक एखाद्या निवडकात बसतो किंवा नाही, हे सांगणारे ‘मॅचेस’ हे फलनही मिळाले. त्यामुळे मालिका प्रकाराने, वर्गाने किंवा अन्य कोणत्याही लक्षणाने तपासणे सारखेच सोपे झाले. नेक्स्टअन्टिलसारखे तयार फलन मात्र डॉममध्ये आले नाही. एक्मास्क्रिप्टच्या २०२४ च्या आवृत्तीतील ‘ग्रुपबाय’ हे फलन नावावरून उपयोगी वाटते. पण ते समान लक्षणाच्या सर्व वस्तू, त्या लागोपाठ असोत वा नसोत, एकाच गटात टाकते. सर्व ओव्यांचा एक ढीग व सर्व श्लोकांचा दुसरा ढीग होतो आणि जो क्रम जपावयाचा तोच नाहीसा होतो.

कार्यपद्धती : सलग मालिका वेचण्याची आज्ञावली अल्पाक्षरी आहे. प्रारंभाच्या श्लोकाचे पुढचे भावंड घ्यावे. भावंड उरले नसेल तर थांबावे. असेल, पण ते ओवी नसेल तरीही थांबावे. ओवी असेल तर ती यादीत घालून तिच्या पुढच्या भावंडाकडे जावे व हीच तपासणी पुन्हा करावी. प्रारंभ मालिकेच्या मधल्या एखाद्या ओवीपासून करावयाचा असल्यास आधी मागे मागे जात मालिकेचे पहिले टोक गाठावे व मग पुढे चालावे.

संपूर्ण अध्यायातील सर्व मालिका एकाच फेरीत हव्या असल्यास अपत्यांची यादी आरंभापासून पाहत जावे. प्रकार मागच्यासारखाच असेल तोवर घटक चालू गटात घालावा आणि प्रकार बदलताच तो गट बंद करून नवा उघडावा. अखेरीस उघडा राहिलेला गटही बंद करावा. ही शेवटची पायरी विसरली जाण्याचा संभव मोठा असतो, कारण शेवटच्या गटानंतर प्रकार बदलण्याचा प्रसंगच येत नाही. ज्ञानेश्वरीच्या उदाहरणात या चुकीमुळे प्रत्येक अध्यायाच्या शेवटच्या ओव्या गळून पडतील व बाकी सर्व काही बिनचूक असल्याने ती गळती सहज नजरेस येणार नाही.

आणखी तीन सावधगिऱ्या आवश्यक ठरतात. पहिली, टॅगच्या नावांची तुलना करताना रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे यांचा भेद पडतो. एचटीएमएल पृष्ठात ‘टॅगनेम’ हा गुणधर्म नाव मोठ्या अक्षरांत देतो, तर ‘लोकलनेम’ लहान अक्षरांत देतो. दुसरी, मालिका वेचताना तीच मालिका दुसरीकडे हलवावयाची असल्यास आधी पूर्ण यादी करावी व मग घटक हलवावेत. घटक हलविल्यावर त्याचे पुढचे भावंड नव्या जागी जे असेल ते होते आणि चालण्याचा धागा तुटतो. अपत्यांच्या काही याद्या जिवंत असतात, म्हणजे वृक्ष बदलला की त्या आपोआप बदलतात. क्वेरीसिलेक्टरऑलची यादी तशी नसते, ती घेतल्या क्षणाची राहते. तिसरी, घटकांवरून चालणारे गुणधर्म दोन ओव्यांमधील उघडा मजकूर पाहतच नाहीत. टॅगविना टाकलेले एखादे वाक्य मध्ये असले, तरी मालिका अखंडच मानली जाते. ‘+’ या चिन्हाचेही तसेच आहे.

नवे निवडक : निवडकांच्या चौथ्या पातळीने केवळ सूत्राच्या आधारे सलग मालिका निवडणे शक्य केले. ‘नॉट’ या वगळण्याच्या सूत्रात पूर्वी साधा निवडकच चाले. भावंडांचे नाते सांगणारा संयुक्त निवडक त्यात चालू लागला. सफारीत ही सोय २०१५ मध्ये, तर फायरफॉक्स व क्रोम यांत २०२० अखेर ते २०२१ आरंभ या काळात आली. त्यामुळे असे सांगता येते, की या श्लोकानंतरच्या सर्व ओव्या घ्याव्यात. मात्र या श्लोकानंतर आलेल्या, ओवी नसलेल्या कोणत्याही घटकाच्या मागाहून येणाऱ्या ओव्या वगळाव्यात. उरते ती नेमकी सलग मालिका. मागे ओवी नसलेली ओवी हे मालिकेचे पहिले टोक. तेही याच सूत्राने सापडते. मालिकेचे शेवटचे टोक शोधण्यासाठी पुढे काय आहे हे पाहून मागच्या घटकाची निवड करावी लागते. निवडकांना ते बराच काळ शक्य नव्हते. पृष्ठ वरून खाली येत असता पुढे काय येईल हे आधी ठाऊक नसते व प्रत्येक नव्या घटकाबरोबर मागची शैली पुन्हा तपासणे महागात पडेल, अशी भीती होती. ‘हॅज’ या सूत्राने ही भीती ओलांडली. ते सफारीत मार्च २०२२ मध्ये, क्रोममध्ये त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ मध्ये उपलब्ध झाले.

सूत्र कितीही नेमके असले, तरी ते संहितेविषयीच्या गृहीतावर उभे असते. दोन-तीन श्लोक एकत्र आलेल्या ठिकाणी पहिल्या श्लोकापासून मालिका मागितली, तर लगेच पुढे श्लोकच असल्याने उत्तर रिकामे येते. वास्तविक पुढील ओव्या त्या सर्व श्लोकांवर मिळून असतात. तेथे आधी श्लोकांची मालिका व मग ओव्यांची मालिका अशी जोडी मानावी लागते. अध्यायारंभीच्या ओव्यांना मागचा श्लोकच नसल्याने त्यांचा गट वेगळा ठेवावा लागतो.

महत्त्व : वरील सर्व साधनांत एक गोष्ट समान आहे. दस्तऐवजात न लिहिलेले नाते ती क्रमावरून अनुमानाने काढतात. हे अनुमान मांडणी शिस्तबद्ध असेपर्यंतच टिकते. पुढे कोणी दोन ओव्यांच्या मध्ये पृष्ठक्रमांक, पाठभेदाची टीप किंवा ब्राउझरला दिलेली एखादी आज्ञा स्वतंत्र घटक म्हणून घातली, की मालिका तुटते. आणि असा बदल करणाऱ्यास आपण काय तोडले याची जाणीवही नसते. म्हणून जेथे सलगतेला अर्थ आहे, तेथे तो वेष्टनरूप घटकाने व्यक्त करणे हा अधिक भक्कम मार्ग मानला जातो. साहित्यकृतींच्या चिन्हांकनासाठी १९८७ मध्ये सुरू झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या उपक्रमाने पद्याच्या ओळीसाठी एक व ओळींच्या गटासाठी दुसरा, असे वेगळे घटक ठेवले आहेत. त्या वळणाने श्लोक व त्यावरील ओव्या एका वेष्टनात ठेवल्यास ‘या श्लोकाच्या ओव्या कोणत्या’ या प्रश्नाचे उत्तर वृक्षातच लिहिलेले राहते व जावास्क्रिप्टला केवळ वेष्टनाची अपत्ये मागावी लागतात.

तथापि सपाट मांडणीतील असंख्य पृष्ठे वेबवर आहेत व त्यांची नव्याने रचना करणे नेहमीच शक्य नसते. तेथे सलग भावंडांची निवड हेच साधन हाती राहते. अशा वेळी आज्ञावलीने मालिका एकदा शोधून तिच्याभोवती वेष्टन घालावे, निघालेले गट मूळ प्रतीशी ताडून पाहावेत आणि तपासलेली रचना कायम करावी, ही रीत सुरक्षित ठरते. ओव्यांची एकूण संख्या सर्व गटांतील ओव्यांच्या बेरजेशी जुळणे, ही त्या ताळ्याची पहिली कसोटी होय. कोणती ओवी कोणत्या श्लोकाची, याचा अंतिम निर्णय मात्र ग्रंथ जाणणाऱ्या संपादकाकडेच राहतो.